भंगारवाल्याला हाक मारण्याआधी



गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलाच्या गृहप्रवेशासाठी पुण्याला गेले होते. हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडलेल्या. सागवानी, पाय तिरके, पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी. त्याची बायको कौतुकाने सांगत होती, "मामी, या मिड-सेंच्युरी मॉडर्न आहेत. रिस्टोअर केलेल्या. एकेक ३८ हजारांना पडली."

मी हातावरून हात फिरवला आणि गप्प बसले. अगदी अशाच चार खुर्च्या २००९ साली सांगलीच्या घराचं नूतनीकरण करताना मी भंगारवाल्याला दिल्या होत्या. चारीचे मिळून बाराशे रुपये, आणि ते घेताना घासाघीस करून शंभर जास्त मिळवल्याचा आनंदही झाला होता! सासूबाई तेव्हा होत्या. एवढंच म्हणाल्या, "बसायला मोडल्या होत्या का गं?" मी म्हटलं, "मोडल्या नाहीत, पण जुनाट दिसतात."

म्हणून आज जरा भांडणार आहे. पहिली आरोपी मीच, तेव्हा राग मानू नका.

आधी हे मिड-सेंच्युरी प्रकरण काय ते सांगते. साधारण १९४५ ते १९७० या काळातलं फर्निचर. नक्षी नाही, सिंहाचे पंजे नाहीत, सरळ रेषा, बारीक तिरके पाय, खाली झाडू सहज फिरेल इतकी उंची. युरोप-अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला आणि आपल्याकडे चंडीगडमध्ये ते फार मोठ्या प्रमाणात बनलं. शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांचा. त्यांचे चुलतभाऊ पिएर जेनेरे १९५१ ते १९६५ तिथे राहिले आणि सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ, वाचनालयं यांच्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. घडवल्या आपल्याच सुतारांनी, हजारोंच्या संख्येने. पुढे त्या जुन्या झाल्या, गच्चीवर आणि गोदामात ढीग लागले, आणि कचेऱ्यांनी भंगार म्हणून लिलाव केले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या आणि तिकडच्या लिलावांत लाखोंना विकल्या. खुर्चीवर रंगाने लिहिलेला खात्याचा नंबरसुद्धा तिथे अस्सलपणाचा दाखला ठरला. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी आणावी लागली.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. त्या बाबूंची चूक मला लगेच कळते, कारण तीच मी केली. फर्निचरवर दरवर्षी १० टक्के घसारा. घटत्या शिलकेच्या पद्धतीने हजार रुपयांचं टेबल ३० वर्षांनी वहीत ४२ रुपयांचं उरतं. कर भरायला हा आकडा ठीक आहे. पण टेबलाला वही वाचता येत नाही, ते आपलं उभंच असतं. वहीतल्या ४२ रुपयांना आपण टेबलाची खरी किंमत समजलो आणि तेवढ्यात देऊन टाकलं.

त्या खुर्च्यांच्या जागी मी काय आणलं? पार्टिकल बोर्डची शोकेस आणि टीव्हीचं कपाट. लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळ्या, वर चकचकीत लॅमिनेट. सासूबाईंचं एक सागवानी टेबल मात्र उरलं. फार जड म्हणून भंगारवाल्यानेच नाकारलं होतं. त्यावर मी इस्त्री करायचे.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागात खालचा मजला पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर शोकेस टम्म फुगली होती, हात लावला की भिजलेल्या भाकरीसारखे तुकडे पडत होते. गल्लीत प्रत्येक दारासमोर तोच ढीग. टेबलाला बोटभर गाळ चिकटला होता. आम्ही ते धुतलं, व्हरांड्यात सावलीत महिनाभर वाळू दिलं. एक पाय सैल झाला होता, तो सुताराने ठोकून बसवला. आज हे लिहितेय ते त्याच टेबलावर.

याचं कारण साधं आहे. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं. पाणी आणि वाळवी दोन्हींना तो दाद देत नाही. शिवाय जुन्या सुतारांनी एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवलेली असते. असा जोड उघडता येतो, पुन्हा बसवता येतो. चुऱ्याच्या फळीतला स्क्रू एकदा निसटला की तिथे पुन्हा काही धरत नाही.

आता तुमच्या हरकती. मंडळात हा विषय काढला तेव्हा दोन आल्या.

पहिली: "जुन्याचा मोह कशाला? सोडून द्यावं, अपरिग्रह आहे ना!" हे वाक्य आपल्या तोंडी फार येतं, आणि ते म्हणणारीच्या दारात दुसऱ्या दिवशी नव्या सोफ्याचा टेंपो उभा असतो. चार खुर्च्या देऊन सहा आणणं याला त्याग म्हणायचं? परिग्रहपरिमाण व्रतात आपण वस्तूंची मर्यादा बांधतो. घरात आहे तीच खुर्ची दुरुस्त केली तर मर्यादा पाळली जाते, बदलत राहिलो तर मर्यादेला अर्थच उरत नाही. आणि श्रावकाने टाळायच्या १५ धंद्यांत वनकर्म म्हणजे जंगलतोडही आहे, हे विसरू नका. तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटलं आहे, तेव्हा ही गोष्ट मलाही लागू होते. उद्या माझं टेबल काचेआड ठेवून पाहुण्यांना दाखवायला लागले तर मला जरूर टोका.

दुसरी: "जुन्या लाकडात कीड असते. औषध मारायचं तर जीवहिंसा." ही हरकत मला मान्य आहे. पण कीड बहुधा सागाच्या गाभ्याला लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या कच्च्या थराला लागते. म्हणून लागू न देणं हाच आपला मार्ग: भिंतीपासून चार बोटं दूर, ओल नको, पावसाळ्यानंतर सगळं हलवून कोरडं पुसणं. माझ्या टेबलाच्या मागची एक पट्टी पोखरलेली निघाली. सुताराला म्हटलं, औषध नको, तेवढी पट्टी काढ. ती परसात झाडाखाली ठेवली आणि नवी पट्टी बसवली.

तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची, आणि ती कोणी काढलीच नाही, मीच काढते. शोरूममधल्या "रिस्टोअर केलेल्या" वस्तूवर काय लावलं आहे, हे आपण विचारतो का? फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. लाख किड्यांपासून येते, ती काढताना असंख्य किडे मरतात. लाक्षावाणिज्यही त्या १५ धंद्यांतच आहे. जुने जोड चिकटवायचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. चमक आणायचं मेण बऱ्याचदा मधमाश्यांचं. गादीवर कातडं. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर आपण चष्मा लावून वाचतो, आणि ३८ हजारांच्या खुर्चीला एक प्रश्न विचारत नाही!

घरी दुरुस्त करताना हे सगळं आपल्या हातात असतं. सरसाऐवजी फेव्हिकॉल सांगा, १९५९ पासून तो बाजारात आहे. लाखेऐवजी जवसाचं तेल, पातळ हात, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्यायचं. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. तेल नको असेल तर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश आहे. लॅमिनेट चिकटवायला निघालेल्या सुताराला थांबवा, आधी फक्त पॉलिशपेपर मारायला लावा, खाली काय लाकूड आहे ते दिसेल. वेत विणणारे कारागीर कमी झालेत, पण आहेत. अंधांच्या शाळांत खुर्च्या विणायला शिकवत, तिथे चौकशी करा. बाजाराच्या गणितात अशा कामाला जागा उरली नाही, ती आपल्याला देता येते.

माझ्या टेबलाचा खर्च सांगते: सुतार, पट्टी, तेल, सगळं मिळून ३४०० रुपये. शोकेसला २००९ मध्ये २२ हजार गेले होते आणि ती दहा वर्षं टिकली.

भाचेसुनेला मी नावं ठेवत नाही. तिने झाड न तोडता बनलेली खुर्ची घेतली, दुकानातल्या चुऱ्याच्या कपाटापेक्षा ते बरंच. पण तिच्या माहेरी, साताऱ्याला, आजीची वेताची आरामखुर्ची माळ्यावर आहे, हे तिनेच बोलता बोलता सांगितलं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी गेलीस की ती खाली उतरव. मग बघू आणखी काही घ्यायचं का."

दिवाळीची आवराआवर जवळ आली आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी खुर्ची उलटी करा. खालच्या बाजूला पॉलिश नसतं, तिथे लाकूड खरं दिसतं. नखाने टोकरून बघा. जोड हलतोय की लाकूडच गेलंय, ते पाहा. आणि घरात कोणी वडीलधारं असेल तर त्यांना विचारा, ही कुठून आली, कुणी केली.

मी सासूबाईंना विचारलं नव्हतं. त्या चार खुर्च्या कोणत्या सुताराने केल्या, हे आता घरात कोणालाच ठाऊक नाही.

काही कठोर लिहिलं गेलं असेल तर क्षमा असावी.