वय झालेल्या बैलाचा थकवा आणि डाळिंबाची साल

दहा-बारा वर्षे औत ओढलेला बैल थोड्याशा कामाने धापा टाकू लागला, की ताकद देणाऱ्या वनस्पतिजन्य खुराकाचा विचार होतो. डाळिंबाच्या सालीबाबत अशा विचाराला काही शास्त्रीय आधार आहे. परंतु तो कोठपर्यंत पोहोचतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

डाळिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, एलॅजिटॅनिन वर्गातील संयुगे असतात. आतड्यांतील जिवाणू त्यांपासून युरोलिथिन-ए तयार करतात. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका वयोमानाने निकामी होऊ लागतात. त्यांचा निचरा करण्यास हे संयुग चालना देते. 2016 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यामुळे सूत्रकृमींचे आयुष्य वाढले आणि वयस्क उंदरांची धावण्याची क्षमता सुमारे 42 टक्क्यांनी सुधारली.

मात्र उंदरांना मोजून दिले गेले ते शुद्ध संयुग होते, साल नव्हे. शिवाय बैल हा रवंथ करणारा प्राणी. त्याच्या कोठीपोटातील जिवाणूंची सृष्टी निराळी असल्याने उंदरावरील निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. टॅनिनचे प्रमाण वाढल्यास चारा कमी खाल्ला जातो आणि प्रथिनांचे पचन मंदावते.

दुसरा धोका फवारणीचा आहे. फळ पोखरणारी अळी व फुलकिडे यांच्यासाठी मारलेली कीटकनाशके आधी सालीवरच बसतात. फवारणी व काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी पाळला नसेल, तर ‘टॉनिक’ म्हणून विषाचे अवशेषच गव्हाणीत पडतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थकवा हा नेहमीच वार्धक्याचा नसतो. गोचिडांमुळे होणारा रक्तक्षय, त्यांच्यामार्फत पसरणारे थायलेरिओसिस व बबेसिओसिस, रक्तपिपासू माश्यांमुळे पसरणारा सर्रा आणि झिजलेल्या दाढा यांमुळेही जनावर खंगते. अशा जनावराला खुराक देत बसणे म्हणजे उपचाराचे मोलाचे दिवस वाया घालविणे होय.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी सालीची शिफारस करण्यापूर्वी पापणीच्या आतील बाजूचा फिकेपणा, कानांतील व जांघेतील गोचीड आणि दाढा पाहण्यास सांगावे. शंका आल्यास पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घ्यावी. संशोधन संस्थांनीही सालीची योग्य मात्रा आणि तिच्यातील अवशेष यांची चाचणी प्रत्यक्ष बैलांवर करावी. तोपर्यंत साल हा संशोधनाचा विषय आहे, औषध नव्हे. आयुष्यभर राबलेल्या जनावराला प्रयोगापेक्षा आधी निदान मिळाले पाहिजे.