कार्तिकातली पंगत

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरलेला असतो, आणि तेवढ्यात कार्तिकाचा शुद्ध पक्ष निम्मा सरतो. प्रबोधिनी एकादशीला देव जागे होतात, चातुर्मास संपतो, अंगणातल्या तुळशीचे लग्न लागते आणि त्या लग्नाच्या निमित्ताने आवळा, बोर, चिंच आणि ऊस रीतसर घरात येतात. याच आठवड्यात आपल्या पंचांगाने आणखी एक गोष्ट राखून ठेवली आहे. तिची आठवण मात्र शहरांतून हळूहळू फिकट होत चालली आहे. शुद्ध नवमीला आवळीची पूजा करावी, आणि तिथून पौर्णिमेपर्यंत घरोघरच्या रीतीप्रमाणे, जमेल त्या दिवशी, आप्तेष्टांसह आवळीच्या झाडाखाली बसून जेवावे, असा हा आवळीभोजनाचा रिवाज. घरात चूल असताना, पाटपाणी असताना, वर्षातून एक जेवण घराबाहेर, झाडाखाली, चारचौघांत व्हावे, असे आपल्या वाडवडिलांना का वाटले असेल, याचा विचार करायला हा आठवडा चांगला आहे.

काळाची निवड तर किती जाणतेपणाने केलेली! पावसाचे चार महिने ओढ्यानाल्यांनी वाटा अडवलेल्या असायच्या, चिखलात बैलगाड्या रुतायच्या, म्हणून माणसे आपापल्या गावी थांबायची. कार्तिकात वाटा वाळतात. खरिपाचे पीक घरात येऊ लागलेले असते, रब्बीची पेरणी उरकत आलेली असते, ऊन अजून कोवळे असते आणि संध्याकाळी हवेत गारवा उतरतो. दोन कामांच्या मधली अशी एक मोकळी दुपार हेरून तिच्यावर तिथीची मोहोर उमटवली गेली. भेटावेसे वाटणे हे माणसाला बारा महिने असतेच. पण नुसत्या वाटण्याने कोणी कोणाकडे पोहोचत नाही. त्या वाटण्याला दिवस नेमून द्यावा लागतो, आणि तो दिवस असा असावा लागतो की तो टाळताना मनाला थोडेतरी लागावे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यात आप्तेष्टांइतकीच जवळची अशी एक जमात आहे, जिच्यासाठी कोणत्याही पंचांगात तिथी नाही. ती म्हणजे आपले जुने सहकारी. कचेरी असो, बँक असो, शाळेतली शिक्षकांची खोली असो, एस. टी. चे आगार असो की कारखान्यातली पाळी असो, तिथे आपण एकमेकांना निवडलेले नसते. बदलीच्या एका हुकमाने किंवा रिकाम्या खुर्चीच्या योगाने आपण शेजारी येतो. आणि मग दुपारी एक-दीडच्या सुमारास फायली बाजूला सरतात, टेबलावर कालचे वर्तमानपत्र पसरले जाते, डबे उघडतात आणि डब्यांची झाकणेच ताटल्या होतात. कोणाच्या डब्यातली लसणीची चटणी सगळ्यांत आधी संपते, कोणाच्या घरी सोमवारी नेमकी मटकीची उसळ असते, कोणाच्या डब्यात आज काही वेगळे दिसले म्हणजे घरी पाहुणे आले आहेत, हे न सांगता कळू लागते. कोणाच्या मुलीची दहावी, कोणाच्या आईचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म, कोणाच्या घराच्या कर्जाचा हप्ता, सारे त्या अर्ध्या तासात वाटून घेतले जाते. रक्ताचे नाते नाही, गाव एक नाही, पुष्कळदा जातपात आणि बोलीही एक नाही, तरी वीस-पंचवीस वर्षे रोज एकमेकांच्या घरचे मीठ खाल्लेले असते. १ जून १९३० पासून मुंबई-पुणे धावणाऱ्या दख्खनच्या राणीतल्या पासधारकांनी, लोकलच्या ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी उभे राहणाऱ्यांनी, दसऱ्याला त्याच डब्याला तोरण बांधणाऱ्यांनीही असेच गोत उभे केले.

आणि एक दिवस शाल-श्रीफळ मिळते. राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांना ते ५८व्या वर्षी मिळते. भाषणे होतात, डोळे पाणावतात, ‘येत जा अधूनमधून’ असे सगळेच म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. पहिल्या वर्षी एक-दोन फेऱ्या होतात. मग खुर्चीवर नवी माणसे आलेली दिसतात, शिपायालाही ओळख द्यावी लागते, आणि जाणे थांबते. व्हॉट्सॲपवरच्या गटात सकाळी फुलांची चित्रे येत राहतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो, ‘एकदा भेटलेच पाहिजे’ या वाक्याला सगळे होकार भरतात. त्या ‘एकदा’ला तारीख नसते. तारीख नसलेली भेट पुढे पुढे सरकत जाते आणि एखाद्या सकाळी त्याच गटात फुलाच्या जागी कोणाचा तरी हार घातलेला फोटो दिसतो. त्या दिवशी मात्र सगळे वेळ काढून जमतात. ज्याच्यासाठी जमतात, तो तेवढा नसतो.

म्हणून वाटते, आवळीभोजनाचा हा जुना रिवाज आपण या नव्या गोतासाठी मागून घ्यावा. धर्मशास्त्राची हरकत नसावी. पंगत मोठी झाल्याने पुण्य उणे होत नाही. शेजारच्या आंध्र आणि तेलंगणात कार्तिकातली वनभोजने आजही थाटाने होतात, आणि कुटुंबांच्या बरोबरीने कचेऱ्यांमधले सहकारी, एका आळीतले शेजारी, जुने वर्गमित्रही आवळीच्या झाडाखाली पाने मांडतात. आपल्याकडेही कार्तिकात उघडलेले हे दार पुढे थंडीभर उघडेच असते. खानदेशात भरताची वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजली जातात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर मळ्यात पंगती बसतात. रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर शेंगा, बटाटे, अंडी रचायची, वरून पुन्हा पाला दाबायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवताली पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडके शिजेपर्यंत दुसरे काहीच करता येत नाही, म्हणून माणसे बोलतात.

आणि हुरडा! मार्गशीर्ष-पौषात सोलापूर, नगर, मराठवाडा या पट्ट्यात ज्वारीची कणसे भरतात. दाणा कोवळा असतो, दुधाळपणा नुकताच सरलेला असतो, आणि ही अवस्था फार दिवस टिकत नाही. शेतातच खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात गूळभेंडीची कणसे खुपसायची, आणि बाहेर काढलेले कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळायचे. चटका बसतो, हात काळे होतात, पण हिरवे दाणे सुटून येतात. मग फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि ती मूठ आपण खायची नाही, शेजारच्याच्या पुढ्यात टाकायची. हुरड्याचे खरे मर्म इथे आहे. चोळणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, खाणाऱ्याचे मोकळे. थोड्या वेळाने खाणारा चोळायला बसतो. थंड झालेला हुरडा चिवट होतो, घरी नेऊन एकट्याने खाण्यात त्याची गोडी राहत नाही. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही हे सोबतीला असतेच. पण ज्याला सोबतीवाचून चवच नाही, असे अन्न आपल्या मातीने पिकवले, ही केवढी मोठी शिकवण आहे! अलीकडे हुरड्याची तयार केंद्रे झाली आहेत, तिथे दर ठरलेले असतात आणि दाणे द्रोणात भरून मिळतात. शेतकऱ्याच्या हाती त्यातून चार पैसे पडतात, हे चांगलेच आहे. तरीही आगटीपाशी जागा मागून घ्यावी आणि दोन कणसे स्वतः चोळावीत.

कार्तिकी वारीची सांगताही अशाच एका जेवणाने होते, हे इथे आठवावेसे वाटते. पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो. ज्याने त्याने आणलेली शिदोरी एकत्र कालवायची आणि मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या मुखी घालायची. कोणाच्या लाह्या, कोणाचे दही, कोणाचे लोणचे, हे कालवल्यावर सांगता येत नाही, आणि ते सांगता येऊ नये म्हणूनच तो काला. जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याला या काल्याची फार गरज असते. एके काळी शेजारी बसणाऱ्यांपैकी एक जण मोठ्या हुद्द्यावर चढून निवृत्त झालेला असतो, दुसऱ्याला शेवटपर्यंत बढती मिळालेली नसते. एकाची मुले परदेशात, दुसऱ्याचा मुलगा अजून कामाच्या शोधात. एकाला निवृत्तिवेतन, दुसऱ्याची खासगी नोकरी मध्येच सुटलेली. महागड्या उपाहारगृहात भेट ठरली की यातला कोणीतरी ‘तब्येत बरी नाही’ असे सांगून घरी थांबतो. त्याची तब्येत चांगली असते, हे आपल्याला कळायला हवे. झाडाखाली प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा ठरवला, तर कोणी पिठले आणील, कोणी पुरणपोळ्या आणील, आणि पत्रावळीवर दोन्ही शेजारी बसतील.

एक गोष्ट मात्र ठामपणे म्हटली पाहिजे. वनभोजनाच्या आपल्या आठवणी गोड आहेत, पण त्या आठवणींतल्या बायका बहुधा चुलीशीच दिसतात. पहाटे उठून मसालेभात रांधणे, डबे भरणे, वाढणे आणि सगळ्यांची पाने उचलून झाल्यावर शेवटी जेवणे, हा भार त्यांच्याकडे रूढीने आला. आजही निवृत्त शिक्षिका, परिचारिका, टपाल कार्यालयात आयुष्य घालवलेल्या मैत्रिणी दोन दिवस कुठे जायचे म्हणतात तेव्हा आधी घरच्यांच्या दोन दिवसांच्या जेवणाची तजवीज करतात, नातवाला कोणी सांभाळायचे ते ठरवतात, आणि इतके करून निघताना पुन्हा ‘जाऊ ना?’ असे विचारतात. पुरुषाला हा प्रश्न फारसा पडत नाही. या कार्तिकात घरातल्या कर्त्या माणसांनी आपल्या पत्नीला, आईला, सासूला तिच्या जुन्या मैत्रिणींची नावे विचारावीत. त्यांतल्या किती जणींना ती गेल्या काही वर्षांत भेटली, तेही विचारावे. आणि ती जाईल त्या दिवशी स्वयंपाकघर आपण सांभाळावे, तेही उपकाराचा आव न आणता.

फार लांबच्या प्रवासाची यात गरज नाही. लांबच्या सहलीत स्थळे पाहण्याची घाई होते, माणसे पाहायची राहून जातात. एका रात्रीचा मुक्काम पुरतो. माथेरानसारखे ठिकाण या कामाला किती योग्य आहे! मोटारी दस्तुरीपाशी थांबतात, पुढे तांबड्या मातीची वाट आणि डोक्यावर झाडांचे छत. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पावसाळा सरल्यावर पुन्हा डोंगर चढू लागते आणि तीही घाई करत नाही. गाड्यांचा आवाज नसल्याने चालता चालता बोलता येते. आधी गुडघेदुखीच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या गोष्टी होतात, मग जुन्या साहेबांच्या, आणि कुठल्यातरी वळणावर, दोघे जण मागे राहिलेले असताना, एक जण दुसऱ्याला असे काही सांगतो जे त्याने घरीही सांगितलेले नसते. पंचवीस वर्षे शेजारी बसलेल्या माणसापाशीच ते सांगता येते, कारण त्याला मागचे सारे ठाऊक असते.

ज्या झाडाखाली जेवायचे, त्याचेही आपण काही लागतो. आवळीची पाने चिंचेसारखी बारीक, सावली विरळ. दाट सावलीसाठी तिला कोणी निवडले नसते. तिचे फळ तुरट आणि वर पाणी प्यायल्यावर गोड. सोसायट्यांच्या आवारात फरश्या आल्या, परसे गेली, आणि आवळी आता शोधावी लागते. कुठे कुंडीत रोप किंवा नुसती फांदी ठेवून तिची पूजा उरकली जाते. जेवून उठताना प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या तिच्या बुंध्याशी टाकून येणे हे तर पूजेनंतरचे पापच. पत्रावळी न्याव्यात, कचरा परत आणावा, आणि शक्य असेल तिथे जुन्या शाळेच्या, आगाराच्या, कचेरीच्या आवारात परवानगी घेऊन एक रोप लावावे. ते वाढायला वेळ लागेल, त्याला पाणी घालायला आळीपाळीने जावे लागेल. जाण्याचे तेही एक निमित्त होईल.

प्रत्येक गोतात एक माणूस असतो, जो सगळ्यांना फोन करतो, वर्गणी जमवतो, गाडी ठरवतो, कोणाला तिखट चालत नाही ते लक्षात ठेवतो. त्याच्यावर आपण सगळे वर्षानुवर्षे विसंबून असतो आणि तो थकला की गोत विस्कटते. यंदा ते काम त्याच्याकडून मागून घ्यावे. यादी त्याच्याकडे असतेच. ती हाती घेऊन पहिला फोन अशा नावाला करावा, ज्याने दोन-तीन वर्षे ‘बघतो, कळवतो’ म्हणून टाळले आहे. पत्नी गेल्यापासून तो कुठे जात नसेल, ऐकू कमी येत असेल, किंवा हातात काठी आली म्हणून संकोचत असेल. त्याला नुसते बोलावू नये, त्याला घ्यायला कोण आणि किती वाजता येणार ते सांगावे. आणि त्याला फार चालवत नसेल, तर आवळी रस्त्यालगतची निवडावी.