संशयिताच्या हातातील कागद

खुनाच्या रहस्याभोवती रचलेला भूमिकांचा खेळ हा विषय आपल्या विद्यापीठीय समीक्षेने गंभीरपणे घेतल्याचे दिसत नाही. रहस्यकथेलाच जेथे वाङ्मयेतिहासात कोपऱ्यातली जागा मिळते, तेथे तिच्या खेळातील रूपाची दखल कोण घेणार? तरीही या खेळातील संशयितांची तपासणी बारकाईने पाहिली, तर 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाविषयी आपण वर्षानुवर्षे वर्गात वापरत आलेली भाषा पुरेशी काटेकोर नाही, असे माझे मत आहे.

खेळाची रीत साधी आहे. जमलेल्या प्रत्येकाला एक भूमिका मिळते आणि तिच्यासोबत एक कागद. आपण कोण, मृताशी आपले नाते काय, त्या रात्री आपण कोठे होतो, काय लपवावयाचे आहे, हे त्यावर लिहिलेले असते. मग परस्परांची तपासणी सुरू होते. अनेक संचांत असा नियम असतो की, खोटे बोलण्याची मुभा केवळ खुन्याला. इतरांनी विचारले असता खरे सांगितलेच पाहिजे. मात्र हे 'खरे' म्हणजे कागदावरचे खरे होय. प्रश्न कितीही टोचणारा असला तरी तो भूमिकेपाशी थांबतो. ती धारण करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. कागद ही संशयिताची ढाल आहे.

रंगभूमीवर हाच खेळ प्रेक्षकांच्या हाती देण्याचा प्रयत्न पाउल प्योर्टनर या जर्मन नाटककाराने १९६३ मध्ये केला. त्याच्या नाटकावरून तयार झालेला 'शिअर मॅडनेस' हा प्रयोग १९८० पासून बोस्टनमध्ये अनेक दशके चालला. केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर खून होतो, प्रेक्षक संशयितांना थेट प्रश्न विचारतात आणि अखेर मतदानाने खुनी ठरवितात. बहुमताने ठरलेला खुनी हा खुनी कसा, असा आक्षेप येथे सुचतो. तो रास्त आहे, पण माझ्या दृष्टीने दुय्यम. कारण कौल कोणाच्याही विरुद्ध गेला तरी नटाच्या केसालाही धक्का लागत नाही.

हे कुंपण मोडू शकते, याची जाणीव रहस्यकथाकारांनाही होती. अगाथा ख्रिस्तीच्या १९५६ मधील 'डेड मॅन्स फॉली' या कादंबरीत खुनाच्या शोधाचा खेळ योजिलेला असतो आणि प्रेताची भूमिका घेतलेल्या मुलीचाच खरोखर खून होतो. तेथे खेळ मोडतो तो प्रेताच्या ठिकाणी. त्याच वर्षीच्या 'डी पाने' मध्ये फ्रीड्रिख ड्यूरेनमाट तो संशयिताच्या ठिकाणी मोडतो. मोटार बिघडल्यामुळे मुक्काम करावा लागलेला ट्राप्स हा विक्रेता निवृत्त न्यायाधीशाच्या घरी जेवणाच्या मेजावर खटल्याचा खेळ खेळतो आणि आपल्या वरिष्ठाच्या मृत्यूला आपणच कारणीभूत आहोत, हे मान्य करून बसतो. कथेत तो गळफास घेतो. नभोनाट्यात सकाळी निमूटपणे मार्गस्थ होतो. या कथेशी तेंडुलकरांच्या १९६७ मधील नाटकाचे असलेले साम्य पुष्कळ चर्चिले गेले आहे. ऋणाचा तो वाद येथे उकरून काढावयाचा नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दोहोंतील फरक.

ट्राप्स खेळाला राजीखुशीने बसतो. आपल्या यशाची हकीकत तो स्वतःच, किंचित फुशारकीने, पुरवितो. लीला बेणारेच्या वाट्याला हे स्वातंत्र्यही येत नाही. ती आत गेली असताना तिला आरोपी करण्याचे ठरते आणि आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. संध्याकाळच्या नियोजित प्रयोगात प्रत्येकाच्या हाती संहिता असणार होती. या अभिरूप न्यायालयात बेणारेला कोणीही कागद देत नाही. मृताशी नाते काय, त्या रात्री कोठे होतीस, यांची उत्तरे तिने कोठून आणावीत? स्वतःच्या आयुष्याखेरीज तिच्यापाशी दुसरी संहिताच नाही.

या नाटकाविषयी 'खेळाचे वास्तवात रूपांतर होते' असे वाक्य आपल्या टिपणांतून आणि उत्तरपत्रिकांतून इतके रुळले आहे की, ते रूपांतर नेमके कोणत्या क्षणी होते हे विचारण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. रूपांतर आपोआप होत नाही. माणसे एकेक नियम मोडीत जातात. न्यायाधीश काशीकर आसन सोडून साक्षीदार होतात. सुखात्मे फिर्यादीचे वकील आहेत आणि बचावाचेही. सर्वांत विलक्षण साक्ष सामंताची. हा भाबडा गृहस्थ हातातल्या कादंबरीतून प्रसंग उचलून बोलतो. म्हणजे तोच एकटा खेळाच्या नियमाप्रमाणे, कागदावरचे बोलतो. त्याच्या काल्पनिक साक्षीला इतरांनी पुराव्याचे मोल दिले, कारण त्यांना हवे असलेले सत्य त्यांनी आधीच ठरविलेले होते. 'शिअर मॅडनेस'चे प्रेक्षक निदान सर्वांना विचारून मग मत देतात.

मौनाचेही तसेच. खेळात संशयिताने गप्प राहणे हा डावाचा भाग ठरतो. बेणारेचे मौन मात्र कबुलीजबाब मानले जाते. तिला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात आणि तिचे दीर्घ स्वगत रंगमंचावरील कोणालाच ऐकू जात नाही. ते ऐकतो तो केवळ प्रेक्षक, आणि त्याला येथे मताचा अधिकार नाही. नाटककाराने हा अधिकार नाकारला हे मला योग्य वाटते. अलीकडे वर्गात प्रेक्षकसहभागाचे कौतुक होते. 'बेणारे दोषी की निर्दोष' असा कौल विद्यार्थ्यांकडून घ्यावा, असे एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या मनात आल्यास त्याने काशीकरांच्याच खुर्चीत वर्ग बसविला, असे म्हणावे लागेल. तपासणी करावयाचीच असेल तर ती सुखात्मे, पोंक्षे आणि कर्णिक यांची करावी. त्यांच्या हाती पुरेसे कागद आहेत.