झुडूप म्हणजे आड नव्हे

माझी भाची एका सशस्त्र दलात शिपाई आहे. दलाचे नाव लिहीत नाही, तिचेही लिहीत नाही. नोकरी तिची आहे, लेख माझा आहे. दिवाळीत सुट्टीवर आली तेव्हा न्हाणीघरातून बाहेर येताना तिच्या खांद्यांवर आणि बरगडीखाली काळेनिळे वळ दिसले. इतकी वर्षे बायकांच्या प्रश्नावर काम केल्यावर वळ पाहून जो संशय पहिल्यांदा येतो, तोच मला आला. मी तिला माडीवर नेऊन हळूच विचारले. ती खो खो हसत सुटली. "मावशी, कुणी मारलं नाही गं मला. जॅकेट आहे ते. बुलेटप्रूफ."

मग तिने सगळे सांगितले. स्टोअरमध्ये जॅकेटे होती ती दोनच मापांची, आणि दोन्ही पुरुषांची. लहान म्हणून दिलेले तिला गुडघ्यावर ठेवलेल्या परातीएवढे रुंद झाले. गाडीत बसले की आतली प्लेट वर सरकते आणि हनुवटीला लागते. पोटावर झोपून नेम धरायला गेले की मानेमागचा भाग हेल्मेटला ढकलतो आणि हेल्मेट डोळ्यांवर येते. रायफलचा दस्ता खांद्याच्या खोबणीत बसला पाहिजे, तिथे जॅकेटचा काठ. दस्ता घसरतो आणि नेम चुकतो. काखेत मात्र हात जाईल एवढी फट. शेवटी तिने कॅम्पच्या शिंप्याकडून पट्टे आखूड करून घेतले आणि आत टॉवेलची घडी घालायला सुरुवात केली. फायरिंगमध्ये गुण कमी पडले तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "लडकी है, हो जाता है."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दोष कपड्याचा होता, नोंद झाली बाईच्या नावावर.

मला माझे एनसीसीचे दिवस आठवले. १९८१-८२ साली मी कॉलेजात होते. दहा दिवसांचा कॅम्प माळावर लागला होता. शिकवायला एक हवालदार होते, बोली कोल्हापूरकडची. सैन्यातल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या काचेच्या बांगड्या उतरवायला लावल्या. त्यावरून एका मुलीच्या आईने कॉलेजात येऊन केवढा गहजब केला! उस्ताद शांतपणे म्हणाले, "बाई, काच चमकते आणि वाजते. माझ्या धड्यात दोन्ही चालत नाही."

तो धडा होता वस्तू नजरेस का पडते याचा. कारणे सात: आकार, सावली, बाह्यरेषा, पृष्ठभाग, चमक, वस्तूंमधले अंतर आणि हालचाल. डोके आणि खांदे यांचा आकार माणूस लांबूनही ओळखतो, म्हणून डहाळ्या खोचून तो मोडायचा. डहाळी सुकली की बदलायची, नाहीतर हिरव्यात तपकिरी ठिपका उठून दिसतो. टेकडीच्या माथ्यावर उभे राहायचे नाही, आभाळाच्या पाटीवर आपले चित्र उमटते. सावलीत बसायचे, पण ऊन सरकते तशी सावलीही सरकते हे विसरायचे नाही. दगडाआडून पाहायचे तर वरून डोके काढायचे नाही, बाजूने पाहायचे. आणि सगळ्यांत आधी नजरेस पडते ती हालचाल.

आम्ही या धड्यात मुलांपेक्षा सरस ठरलो. त्याचे कारण तेव्हा कुणाला विचारावेसे वाटले नाही. अंग चोरून बसणे, आवाज न करणे, रस्त्याच्या कडेने जाणे, कुणाची नजर कुठून येते आहे हे न पाहताही ओळखणे, याची तालीम आमची आठव्या-नवव्या वर्षापासून घरातच झाली होती. पण उस्तादांनी त्यात एक भर घातली, जी घरात कुणी घातली नव्हती. ते म्हणाले, "लपायचं ते बघण्यासाठी. लपून डोळे मिटून बसलात तर तुम्ही शिपाई नव्हे, ससा." घरात आम्हाला लपायला शिकवले होते, लपून पाहायला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते आज चाळीस वर्षांनी मला जास्त महत्त्वाचे वाटते. माळावर एक करवंदीची जाळी होती आणि पलीकडे मातीचा बांध. दोन मुलींना जाळीमागे आणि दोघींना बांधामागे झोपवून त्यांनी विचारले, "आडोशाला कोण आहे?" आम्ही म्हटले, चौघीही. ते म्हणाले, "चूक. जाळीमागच्या दोघी दिसत नाहीत इतकंच. गोळी जाळीतून आरपार जाईल. बांधातून नाही जाणार. नजरेपासून आड वेगळी, गोळीपासून आड वेगळी. जो झुडपाला भिंत समजला, तो गेला."

मैत्रिणींनो, बाईच्या संरक्षणाच्या नावाखाली आपल्याला आजवर जे दिले गेले ते बहुतेक झुडूपच आहे. पदर, दिवेलागणीच्या आत घरी, भाऊ सोबत, लवकर लग्न. यातले काहीही गोळी अडवत नाही. फक्त आपल्याला नजरेआड करते. आणि घाव घालणारा घरातच असला तर तेवढेही करत नाही. आता माझ्या भाचीच्या जॅकेटकडे बघा. लांबून पाहणाऱ्याला ती पूर्ण झाकलेली दिसते. फोटोत छान दिसते. पण काखेत फट आणि प्लेट जागेवर नाही, म्हणजे तेही झुडूपच. फक्त सरकारी.

ते जॅकेट काम कसे करते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आत अरामिड धाग्याच्या घट्ट विणीचे अनेक थर असतात. ते पिस्तुलाच्या गोळीचा जोर पसरवून तिला अडवतात. रायफलची गोळी त्यांना ऐकत नाही. तिच्यासाठी पुढे आणि मागे खिशात कडक प्लेट घालतात. भाजलेल्या सिरॅमिकवर गोळी फुटते आणि पाठीमागचा पॉलिथिलीनसारखा थर तुकडे झेलतो. ही प्लेट सगळे अंग झाकत नाही. ती झाकते हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे. म्हणून तिची वरची कड गळ्याखालच्या खळग्याशी यावी लागते. दोन-तीन बोटे खाली घसरली तर वरचा भाग उघडा. जॅकेट ढगळ असेल तर पळताना ती डावी-उजवीकडे हेलकावते. तेव्हा माप हा इथे शोभेचा किंवा सोयीचा प्रश्न नाही. माप चुकले की कवचच चुकले.

आणि माप वेगळे आहे हे सरकारला ठाऊक नाही का? चांगले ठाऊक आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत सर्वसाधारण गटासाठी पुरुषाची किमान उंची १७० सेंटिमीटर आणि स्त्रीची १५७ सेंटिमीटर आहे. तेरा सेंटिमीटरचा फरक भरतीच्या जाहिरातीत छापलेला आहे. दारात उंची मोजणारी पट्टी दोन खुणांची, आणि आतले कपाट एकाच खुणेचे, हे कसे?

"बायका आघाडीवर नसतातच, मग कशाला एवढा खटाटोप?" असे उत्तर मिळते. भारतीय सैन्याने १९९२ साली वैद्यकीय सेवांबाहेरही स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. कायमस्वरूपी नेमणुकीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले, निकाल फेब्रुवारी २०२० चा. आपल्या पुण्याच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. पायदळ मात्र त्यांना बंदच आहे. पण पायदळाचे दार बंद ठेवले म्हणून गोळीचे दार बंद होते थोडेच?

१३ डिसेंबर २००१ आठवा. संसदेच्या फाटकावर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ८८व्या महिला बटालियनच्या शिपाई कमलेश कुमारी उभ्या होत्या. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. गाडीतून उतरलेल्या माणसांत काहीतरी चुकते आहे हे त्यांनी ओळखले, ओरडून इशारा दिला, आणि त्या गोळ्यांना बळी पडल्या. मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पाहणे, ओळखणे, सांगणे. उस्तादांचा सगळा धडा त्या बाईने काही क्षणांत पुरा केला, तोही दिल्लीच्या मधोमध. आघाडी कुठे असते, सांगा बरे!

अमेरिकेत स्त्रियांच्या शरीराचे वेगळे जॅकेट २०१२ साली तयार झाले. खांदे अरुंद, धड आखूड, छातीला ब्लाउजला घालतात तसे टक्स, आणि मापे आठ. तेव्हा तिथेही पायदळ बायकांना बंद होते. सगळी लढाऊ पदे खुली करण्याची घोषणा डिसेंबर २०१५ ची. म्हणजे आधी दार उघडले आणि मग कपडा शिवला असे झाले नाही. बायका अफगाणिस्तानात गोळ्यांखाली होत्या, म्हणून शिवावा लागला. केसांची गोष्ट तर आपल्या बायकांना लगेच पटेल. अंबाडा घातला की पोटावर झोपल्यावर हेल्मेट पुढे ढकलले जाते. इतकी साधी गोष्ट मान्य करून सरसकट वेणी-पोनीटेलची मुभा द्यायला त्या श्रीमंत सैन्याला २०२१ साल उजाडले.

आपल्याकडे काहीच होत नाही असे मी म्हणत नाही. दंगलीत दगडकाठ्यांपासून रक्षण करणारे स्त्रियांच्या मापाचे कवच आपल्याच संशोधकांनी बनवले आहे. २०२४ मध्ये डीआरडीओ आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून 'अभेद' नावाची हलकी जॅकेटे तयार केली. दोन पातळ्यांची किमान वजने ८.२ आणि ९.३ किलो. वजन उतरले हे उत्तमच. पण हलके आणि मापाचे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका पण दुसऱ्याचा बूट घालून कुणी मैलभर चालून पाहावे.

आता आपल्याच मैत्रिणींचा आक्षेप. मासिक बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एकजण चिडून म्हणाली, "आपण युद्धाच्या विरोधात. बंदुकीच्या राजकारणाच्या विरोधात. २००४ साली मणिपूरच्या आया कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र उभ्या राहिल्या, त्या याच वर्दीविरुद्ध. आणि तू त्या वर्दीचं माप नीट करा म्हणतेस?"

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. त्या आयांच्या बाजूला मी कालही होते आणि आजही आहे. बायका भरती झाल्या की सैन्य आपोआप मायाळू होते, यावर माझा विश्वास नाही. बाईच्या हातात बंदूक आली म्हणजे मुक्ती आली, असेही मी मानत नाही. पण माझी भाची देशभक्तीचे भाषण ऐकून भरती झाली नाही. दोन एकर कोरडवाहू, वडिलांवर कर्ज, डी.एड. करून तीन वर्षे घरी बसलेली मुलगी. पगाराची नोकरी मिळाली ती एवढीच. खाणकामगाराला हेल्मेट मागताना आपण खाणमालकाचे समर्थन करतो का? शस्त्र कुणावर आणि कुणाच्या हुकुमाने रोखायचे, या प्रश्नावर तिच्याशी माझे भांडण आहे आणि राहील. ते भांडण करायला ती जिवंत हवी.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जॅकेट आणि हेल्मेट विकत घेण्याआधी स्त्री शिपायांच्या अंगाची मापे घ्या. चाचणीत त्यांना ते घालून बसू द्या, सरपटू द्या, गोळी झाडू द्या, गाडीत चढू द्या; नुसते उभे करून फोटो काढू नका. खरेदीच्या समितीत जॅकेट अंगावर वागवलेली बाई असू द्या. बंदोबस्ताच्या जागी शौचालय द्या. आठ-दहा किलोचे ओझे उतरवून परत चढवायचे, तेही आडोशाशिवाय, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. आणि मापाची तक्रार करणारीच्या नोंदवहीत 'कमकुवत' असा शेरा मारू नका.

यात बुटक्या, सडपातळ पुरुष शिपायांचेही भलेच आहे. तेही आज त्याच परातीत वावरत आहेत, फक्त त्यांना बोलायची लाज वाटते.

भाची परत गेली तेव्हा मी तिला जुन्या सुती साडीची मऊ घडी शिवून दिली, खांद्याखाली घालायला. ती बॅगेत ठेवताना म्हणाली, "मावशी, हे चालेल. पण ह्याच्यावर भागवू नकोस. लिही." म्हणून हे लिहिले.

तुमच्या घरातली, वस्तीतली कुणी मुलगी पोलिसांत, होमगार्डात, सैन्यात असेल तर तिला विचारा. तिला दिलेले बूट, हेल्मेट, जॅकेट तिच्या मापाचे आहे का? नसेल तर ती काय करते? नाव न घालता आम्हाला कळवा. दहा-वीस जणींचे अनुभव एकत्र आले तर निवेदन देता येईल. एकटीची तक्रार म्हणजे एकटीचा कमकुवतपणा ठरतो. दहाजणींची असली तर कपाटाकडे बघावे लागते.