ध्रुव बदला, पण नोंद ठेवा

1930 च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे तीन दशके इंग्लंडात घडलेल्या बहुतेक मोटारींत बॅटरीचा धनध्रुव गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असे. आणि उत्तरपाऱ्याच्या लँडमास्टरने व तिच्यामागून आलेल्या अँबॅसडरने ज्या मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळात जन्म घेतला, त्या कुळाचीही रीत तीच होती. पुढे ट्रांझिस्टर व अल्टरनेटर आले आणि ऋणध्रुव सांगाड्याला जोडण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली.

परभणी जिल्ह्यात जुनी मोटार जिवापाड जपणाऱ्या इसमाला आपल्या गाडीतही हा पालट करून घ्यावासा वाटला, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. जिंतूरच्या रस्त्यावर बॅटरी उतरली असता मदतीला येणाऱ्या गाडीचा सांगाडा ऋण आणि आपला धन. अशा वेळी जोडतारा लावलेल्या असताना दोहोंचे बंपर एकमेकांस टेकले, तरी शॉर्ट होऊन अनर्थ ओढवतो. शिवाय 50 वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाने 2021 साली जे नियम केले, त्यांचा कटाक्ष चॅसिस, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात राहावे यावर आहे; ध्रुवपालटात यांपैकी कशालाही हात लागत नाही, आणि वाटेल तेव्हा गाडी पूर्ववत करता येते.

माझी तक्रार आहे ती अर्धवट कामाविषयी. बॅटरी उलटी जोडताच दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टरदेखील पूर्वीच्याच दिशेने फिरतो, कारण या तिघांना ध्रुवाचे सोयरसुतक नसते. आणि येथेच मालकाची फसगत होते. काम संपले असे त्याला वाटते, पण डायनामो अजून पालटायचा राहिलेला असतो. त्यासाठी त्याच्या ‘एफ’ टोकाची तार सोडवून त्या टोकाला बॅटरीच्या धनध्रुवाचा क्षणमात्र स्पर्श द्यावा लागतो. बारीकशी ठिणगी उडते, आतील लोखंडात उरलेले चुंबकत्व उलटते, आणि त्यानंतरच तो नव्या दिशेने वीज देऊ लागतो. कॉइलच्या दोन बारीक तारांचीही अदलाबदल करावी लागते. एरवी प्लगच्या मध्यभागी धन भार जाऊन ठिणगी क्षीण होते आणि गाडी चढावर चुकू लागते. अ‍ॅमीटरच्या तारा फिरवाव्या लागतात. जुना रेडिओ असल्यास तो आधी सोडवून ठेवणेच श्रेयस्कर.

इतके सारे यथासांग झाले, तरी माझ्या मते काम निम्मेच होते. धन सांगाड्याच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री आता विरळ झाले आहेत, आणि उद्या बॉनेट उघडणाऱ्या तरुणाने कारखान्याचे जुने पुस्तक प्रमाण मानून बॅटरी पूर्वीसारखी बसवली, तर मध्यंतरी डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला असल्यास त्याचे डायोड त्याच क्षणी जळून जातील. म्हणून ध्रुव पालटणाऱ्या प्रत्येक मालकाने बॅटरीशेजारी पत्र्याची पट्टी ठोकावी आणि तिच्यावर कोणता ध्रुव सांगाड्याला जोडला आहे, पालट कोणत्या तारखेस झाला, डायनामो व कॉइल फिरवली की नाही, हा मजकूर मराठीत कोरून घ्यावा. तसेच परिवहन खात्याने जुन्या वाहनांच्या अर्जात याच नोंदीसाठी एक रकाना ठेवण्याची तजवीज करावी.