तुळशीला कोणी विचारले?

कार्तिक शुद्ध द्वादशी उजाडली की घरोघरीच्या वृंदावनांना गेरूचा हात फिरतो, उसाचा मांडव उभा राहतो, आवळे-चिंचांची ओटी भरली जाते आणि गोरज मुहूर्तावर तुळस व बाळकृष्ण यांच्यामध्ये अंतरपाट धरला जातो. येथपासून लग्नसराईला प्रारंभ होतो. म्हणूनच लग्नासंबंधी एक अवघड प्रश्न आजच्या मंगलदिनी वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या कार्तिकात पुनावळे येथे एका घरी तुळशीविवाहाचे कीर्तन होते. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज महामार्गालगत उंच इमारतींनी वेढले आहे. हिंजवडीच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या मुली सायंकाळी याच गावात परततात. आरती झाली, प्रसाद वाटला गेला आणि घरच्या वृद्ध आजी मला म्हणाल्या, “बुवा, एवढी वर्षं हे लगीन लावतोय आपण. पण तुळशीला कुणी विचारलं होतं का हो?”

सारे हसले. मला मात्र हसू आले नाही. वृंदेची कथा मी आयुष्यभर सांगत आलो आहे. पुराणांत तपशिलाचे भेद असले तरी गाभा एकच : जालंधराच्या वधासाठी भगवंतांनी त्याचे रूप घेऊन पतिव्रता वृंदेची फसवणूक केली. तिने शाप दिला आणि साक्षात् विष्णूंना शिळारूप व्हावे लागले. हेतू लोककल्याणाचा होता, तरीही स्त्रीच्या संमतीवाचून घडलेल्या गोष्टीचे प्रायश्चित्त देवालाही चुकले नाही. मग आपली काय कथा?

त्याच घरी नातीचे लग्न ठरत होते. पत्रिका जुळली होती, घराणे तोलामोलाचे होते. मुलीला काय वाटते, असे मी यजमानांना विचारले. ते म्हणाले, “ती कशाला नाही म्हणेल?” त्यांना मी त्या रात्री एक परदेशी आख्यान सांगितले. परदेशी तरी कसे म्हणावे? आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर, फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज उतरले असे सांगणारे बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे आपल्या गावांवरून आली. त्यांच्या नवरीला मेंदी लागते, गळ्यात काळ्या मण्यांचे मंगळसूत्र येते, आणि प्रार्थनामंदिरात पतीची कर्तव्ये नोंदलेला ‘कतुबा’ हा साक्षीदारांच्या सह्यांचा लेख वाचला जातो. आम्हा हरदासांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मग्रंथातील आख्याने मराठी कीर्तनाच्या रूपात उभी केली.

त्या हिब्रू ग्रंथातील रिबेकेचे आख्यान असे. वृद्ध अब्राहामाने पुत्र इसहाक याच्यासाठी वधू शोधण्यास आपल्या विश्वासू सेवकाला माहेरच्या मुलखात धाडले. सेवकाने निघतानाच शंका काढली : ती स्त्री माझ्याबरोबर यावयास राजी नसली तर? अब्राहामाने उत्तर दिले की तसे झाल्यास तू शपथेतून मोकळा आहेस. येथे क्षणभर थांबावे. वधू अजून दृष्टीसही पडलेली नाही, पण तिचा नकार सासऱ्याने आधीच गृहीत धरला आहे.

सेवक दहा उंट घेऊन गावाबाहेरच्या विहिरीवर पोहोचला. सांजवेळी पाण्याला आलेल्या रिबेकेने त्याला पाणी पाजले आणि न सांगता उंटांसाठीही पाणी शेंदले. सेवकाने सोन्याची नथ व कंकणे दिली. घरी पिता व बंधू यांनी, ही ईश्वरेच्छा आहे, हिला घेऊन जा, असे सांगितले. सेवक दुसऱ्याच दिवशी निघू म्हणाला. आई व भाऊ दहा दिवस तरी राहू द्या म्हणाले. तेव्हा मुलीलाच बोलावून, या मनुष्याबरोबर जाशील का, असे विचारण्यात आले. ती जाईन म्हणाली. अकराव्या शतकातील फ्रान्समधील भाष्यकार राशी यांनी यावरून नियम काढला की स्त्रीचा विवाह तिच्या संमतीवाचून करू नये. ज्यू धर्मशास्त्राच्या तालमूद ग्रंथातही असे मत आहे की पित्याने मुलगी जाणती होऊन अमुक वर मला हवा असे म्हणेपर्यंत तिचा वाङ्निश्चय करू नये.

कोणी म्हणेल, दागिने अंगावर चढल्यावर, वडिलांनी शब्द दिल्यावर विचारले, त्यात काय अर्थ? आक्षेप रास्त आहे. त्याच ग्रंथात लेआ आहे. तिच्या बापाने तिला अंधारात धाकट्या बहिणीच्या जागी याकोबाच्या गळ्यात बांधले. तिला कोणी विचारल्याचा उल्लेख नाही, आणि त्या घरात पुढे दोघी बहिणींच्या वाट्याला मत्सर आला. प्राचीन ग्रंथ आदर्शही सांगतात आणि चुकाही लपवीत नाहीत.

आपले ग्रंथही असेच आहेत. सावित्रीने वर स्वतः शोधला आणि नारदांनी त्याचे अल्पायुष्य सांगितल्यावरही ती ढळली नाही. रुक्मिणीने स्वतः संदेश धाडला. उलट, भीष्मांसारख्या महात्म्याने काशिराजाच्या कन्या न विचारता हरण केल्या, आणि त्यांतील अंबा त्यांच्या मृत्यूचे निमित्त झाली. मनूनेही म्हटले आहे की गुणहीनाला देण्यापेक्षा कन्या आमरण पित्याच्या घरी राहिलेली बरी, आणि तीन वर्षे वाट पाहून तिने स्वतः वर निवडावा. मुलीला विचारणे हे पाश्चात्त्यांचे खूळ नव्हे.

आपल्या मुंबईत रखमाबाईंनी हा प्रश्न न्यायालयात नेऊन भिडवला. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांनी मोठेपणी मानले नाही. १८८७ साली पतीकडे जा, नाहीतर तुरुंगात, असा निवाडा झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. विवाहापूर्वीचा एक प्रश्न टळला, त्याची किंमत त्या स्त्रीने वर्षानुवर्षे मोजली.

आता माझी कबुली. माझ्या धाकट्या बहिणीचे स्थळ मीच जुळविले. गोत्र, पत्रिका, घर, नोकरी, सारे पाहिले. तिला विचारावयाचे तेवढे राहिले. संसार चांगला झाला. पुष्कळ वर्षांनी एका दिवाळीला ती सहज म्हणाली, “दादा, तेव्हा एकदा विचारलं असतंस ना, तर मी होच म्हटलं असतं.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तरी त्या दिवसापासून मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द मला माझ्यासाठीच उच्चारलेला वाटतो.

म्हणून गृहस्थांना विनंती अशी, की विचारणे सुपारी फुटण्यापूर्वी व्हावे, पत्रिका छापून आल्यावर नव्हे. विचारणारा असा असावा की ज्याला नकार ऐकवता येईल. चारचौघांत मान खाली घालून दिलेला होकार हा होकार नव्हे. मुलालाही विचारावे, कारण बोहल्यावर ओढून आणलेले नवरदेवही मी पाहिले आहेत. वाङ्निश्चय म्हणजे वाणीने केलेला निश्चय. ज्यांचा संसार, त्यांचीच वाणी त्यात नसेल तर तो निश्चय कोणाचा?

पुनावळ्याच्या यजमानांनी निरोप देताना एवढेच म्हटले, “बुवा, उद्या सकाळी मी विचारतो.” आज सायंकाळी तुळशीपुढे अंतरपाट धराल, तेव्हा वृंदेचे स्मरण करा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर अक्षता हाती घेण्यापूर्वी तिच्याजवळ जाऊन बसा.