'दाण्याशिवाय काहीच खात नाही'

रोहिणी-मृगाच्या वादळात कडुनिंबावरची, घराच्या वळचणीतली खारींची घरटी खाली येतात. डोळेही न उघडलेलं पिल्लू कुणाच्या तरी ओसरीत सापडतं, लेकरं त्याला जीव लावतात आणि ते त्या घरचंच होऊन जातं. काही महिन्यांनी तीच खार बुटाच्या खोक्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीवर आपल्या दवाखान्यात येते. मागचे पाय ओढत असते, उचललं की थरथरते. घरचे म्हणतात, 'लकवा मारला वाटते.' काय खाऊ घालता, असं विचारलं तर पुसदपासून वणीपर्यंत उत्तर एकच: 'शेंगदाण्याशिवाय काहीच खात नाही जी. लय नखरे हायेत तिचे.'

हे नखरे खारीचे नाहीत, ही सवय आपण लावलेली आहे. आपल्याकडची पाच पट्ट्यांची खार झाडावर असताना काय खाते ते आठवा. काटेसावरीच्या फुलातला मध, उंबर, वडाची फळं, कोवळे कोंब, साल, बिया, शिवाय किडे आणि अळ्या. दिवसभर वीस ठिकाणी तोंड घालणारा हा प्राणी आपण एका वाटीपुढे बसवतो. त्या वाटीत शेंगदाणे, ग्लुकोजचं बिस्किट आणि मुलांच्या हातचा चिवडा असतो. गोड आणि तेलकट सहज मिळत असताना ती पाला का खाईल?

लकवा समजला जाणारा हा आजार बहुतेक वेळा हाडांचा असतो. शेंगदाण्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास चौपट असतो, सूर्यफुलाच्या बियांत त्याहूनही जास्त. खारीला हवं असतं नेमकं उलट: कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीनं, शक्यतो दुप्पट. रक्तातलं कॅल्शियम घटलं की परावटू ग्रंथी ते हाडांतून ओढून घेते. क्ष-किरण चित्रात हाडं धुरकट दिसतात, कधी न पडता-झडता मोडलेली आढळतात. घरात बंद ठेवल्यानं ऊनही मिळत नाही, म्हणजे ड जीवनसत्त्वाचीही बोंब.

अशा वेळी आपला हात फळीवरच्या कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. ती बाटली दुभत्या गाई-म्हशीसाठी बनलेली असते आणि तिच्यात बहुधा फॉस्फरसही असतो. खारीचं दुखणंच फॉस्फरसच्या अतिरेकाचं आहे. तिला साधं कॅल्शियम कार्बोनेट द्यावं, तेही वजन करून. ड जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजानं तर मुळीच देऊ नयेत.

औषधानं खार उठून बसेल, पण घरी वाटी तीच राहिली तर महिन्याभरात पुन्हा खोक्यात येईल. म्हणून खरा उपचार मालकाला शिकवण्याचा आहे. दाणे एकदम तोडायला सांगू नका. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला उपास झेपत नाही. सोन्याच्या दुकानात असतो तसा छोटा काटा घ्यायला सांगा, रोज सकाळी त्याच वेळी वजन लिहायला लावा. दहा ग्रॅम घटले म्हणजे अंगाचा जवळपास दहावा हिस्सा गेला, तिथे दाणे कमी करणं थांबवायचं.

सकाळी ती भुकेली असते, तेव्हा पाला पुढे करावा आणि दाणे दिवसाच्या शेवटी, दर दोन-तीन दिवसांनी थोडे कमी करत. शेवग्याचा पाला आपल्याकडे फुकट मिळतो. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, फॉस्फरस त्याच्या निम्म्याहूनही कमी. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथीही चालते. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. पाला चिरून वाटीत घातला तर खार हुंगून निघून जाते. तोच पाल्याचा डहाळा पिंजऱ्यात उंचावर उलटा बांधला की ती त्यावर चढते, ओढते, कुरतडते आणि कुरतडताना खाते. तरीही नाहीच म्हणाली तर वाळवलेल्या पाल्याची चिमूटभर पूड कुटलेल्या दाण्यात मिसळावी. मग आठवड्याआठवड्याला पूड वाढवत, दाणा कमी करत न्यावा. चघळायला कडुनिंबाची काडी असू द्यावी, तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. खार खाणं लपवते. मालक म्हणतो तिनं दोन दिवस काही खाल्लं नाही, आणि चिंधी झटकली की आतून पंधरा दाणे खाली पडतात. नवा आहार सुरू करण्याआधी खोकं, चिंधी, गादीचे कोपरे झटकायला सांगा.

कापसाच्या जिल्ह्यात दोन पथ्यं जास्तीची. सरकी खारीला कधीच देऊ नये. तिच्यातलं गॉसिपॉल गाय रवंथाच्या पोटात पचवते, खारीला ते पोट नाही. आणि फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचा पाला किंवा किडे आणू नयेत. २०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, तिथे या जिवाची काय कथा?

खार हा वन्यप्राणी आहे, तिला कायमची घरात ठेवणं ना कायद्याला धरून आहे, ना तिच्या भल्याचं. पिल्लू सापडलं की आधी ऊब द्यावी, गाईचं दूध पाजू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं, हे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे. पण हाडं वाकलेली खार फांदीवरून फांदीवर उडी मारू शकत नाही, तिला सोडता येत नाही. शेंगदाण्यावर वाढवलेलं पिल्लू झाडाला कायमचं मुकतं, याचं आम्हाला सगळ्यात जास्त दुःख होतं.

खारीच्या आहाराची बरीचशी माहिती अमेरिकेतल्या राखाडी खारीवरून आपल्यापर्यंत येते. ती अर्ध्या किलोची, आपली तिच्या चौथाईएवढी. आपल्या खारीचा तक्ता आपल्यालाच बनवावा लागेल. या पावसाळ्यात जी खार तुमच्या टेबलावर येईल तिच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहा: वजन, आजवरचा आहार, आणि तिनं स्वतःहून स्वीकारलेला पहिला पाला. ही नोंद दिवाळीपर्यंत आमच्याकडे पाठवा. जेवढ्या येतील तेवढ्या सगळ्या आम्ही छापू.